मेजर, पाच मिनिटं बसा

तुळजापूर तालुक्यातल्या एका गावात शाळेमागच्या मैदानावर पहाटे साडेपाचला पोरं पळत असतात. सैन्यभरतीच्या सोळाशे मीटरची तयारी चाललेली असते. मोबाइलचं स्टॉपवॉच धरून त्यांना आवाज देणारा माणूस सतरा वर्षं नोकरी करून परतलेला हवालदार आहे. फौजेत हवालदार, गावात मात्र 'मेजर'. आमच्याकडे सैन्यातून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात. हुद्दा विचारायच्या भानगडीत कोणी पडत नाही. वय त्रेचाळीस, पोट सपाट, आणि शेवटची फेरी तो पोरांच्या पुढे राहून मारतो. एकदा शाळेत तपासणीचं शिबिर लागलं होतं. पोरांनी आग्रह केला म्हणून तोही येऊन बसला. पट्टा दंडाला बांधला, आकडा आला १७२/१०६. "मशीन बिघडलंय, डॉक्टरसाहेब." मी म्हटलं, "मेजर, पाच मिनिटं बसा. पाठ टेका, पाय जमिनीला टेकवा, बोलू नका." पाच मिनिटांनी १६८/१०४. पुढच्या आठवड्यात दोन वेगवेगळ्या दिवशी मोजलं, तेव्हाही वरचा आकडा १६०च्या खाली आला नाही.

त्याला काहीही होत नव्हतं. डोकं जड नाही, चक्कर नाही, छातीत धडधड नाही. पळता येतंय म्हणजे आपण ठणठणीत, हे त्याला सैन्याने शिकवलं होतं आणि गावानेही मान्य केलं होतं. सैनिकांच्या रक्तदाबाचा विषय शिकायला येणाऱ्याला मी म्हणूनच आधी हा माणूस दाखवतो. बाकीच्या रुग्णांत वाढतं वजन, बैठं काम, थकवा अशा खुणा असतात. आपण त्या बघून मशीन काढतो. सैनिकाच्या बाबतीत त्याची तंदुरुस्तीच आजारावर पांघरूण घालते. व्यायामाने रक्तदाब काही प्रमाणात उतरतो, हे खरं. पण आईकडून-वडिलांकडून आलेला कल, मीठ, तंबाखू, तुटलेली झोप आणि वर्षानुवर्षांचा ताण यांचं एकत्रित ओझं पळण्याने पुसलं जात नाही.

रक्तदाबाच्या शास्त्रावर सैनिकांचं फार मोठं ऋण आहे. मेजरच्या दंडाला बांधला तो पट्टा इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ साली वापरात आणला, पण त्यावर नाडी चाचपून फक्त वरचा आकडा कळायचा. खालचा आकडा आपल्याला दिला तो निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन लष्करी शल्यचिकित्सकाने. १९०४-०५च्या रशिया-जपान युद्धात धमन्या फुटलेले जखमी सैनिक त्याच्या हाताखालून गेले. हातापायाची मुख्य धमनी बांधली तर पुढचा भाग जगेल का, हे ताडायला तो धमनीवर नळी लावून आवाज ऐकायचा. त्यातून पट्टा सैल करताना सुरू होणारी टकटक आणि तिचं विरून जाणं त्याच्या ध्यानात आलं, आणि नोव्हेंबर १९०५मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत त्याने ते पानभराच्या टिपणात मांडलं. आज धाराशिवच्या कुठल्याही उपकेंद्रात स्टेथोस्कोप कोपराच्या खळीत टेकवून आपण जे ऐकतो, ते आवाज पहिल्यांदा घायाळ सैनिकांच्या हातापायांवर ऐकले गेले.

दुसरं ऋण औषधांचं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक डॉक्टरांना वाटायचं की वाढलेला दाब ही शरीराची गरज आहे. तो उतरवला तर मेंदूला-मूत्रपिंडाला रक्त कमी पडेल. ही समजूत मोडली अमेरिकेतल्या माजी सैनिकांनी. एडवर्ड फ्रीस यांच्या पुढाकाराने तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत खालचा आकडा ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांवर चाचणी झाली. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना दिसायला तशीच पण पोकळ गोळी. १९६७ साली निष्कर्ष छापून आले : पोकळ गोळीच्या गटात २७ जणांना गंभीर त्रास झाला आणि चौघे गेले, औषधाच्या गटात गंभीर त्रास दोघांना झाला आणि मृत्यू एकही नाही. गोळी दिल्याने माणूस वाचतो, याचा हा पहिला ठाम पुरावा होता. त्या तीन औषधांपैकी एक होतं रेसरपीन, म्हणजे आपल्या सर्पगंधेतून वेगळं काढलेलं द्रव्य. सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहून ठेवला होता. पण जगाचं लक्ष वेधलं ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या १९४९च्या लेखाने; त्याबद्दल त्यांना १९५७ साली लास्कर पारितोषिक मिळालं. मुंबईच्या डॉक्टरने पुढे आणलेली मुळी अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या पोटात गेली आणि तिथून जगभरच्या उपचाराची दिशा ठरली. विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगताना मला अजूनही भरून येतं.

तिसरी गोष्ट थोडी कमी माहितीची आहे. रॉबर्ट लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली अमेरिकी लष्करातल्या २२,७४१ अधिकाऱ्यांच्या वार्षिक तपासणीच्या नोंदी चाळल्या. कधीतरी एखाद्या वर्षी दाब वाढलेला दिसला आणि पुढे उतरला, अशा अधिकाऱ्यांना पुढच्या काळात कायमचा उच्च रक्तदाब होण्याचं प्रमाण जास्त निघालं. 'त्या दिवशी जरा टेन्शन होतं' म्हणून आपण जो आकडा सोडून देतो, त्यात पुढची सूचना असू शकते.

मात्र एका आकड्यावर शिक्का मारणंही तितकंच चूक. भरतीच्या रांगेत उभा राहिलेला, रात्रभर बसने आलेला, नुकताच पळून आलेला, पोटात अन्न नसलेला पोरगा : त्याचा दाब १५० दिसला तर तेवढ्याने तो आजार ठरत नाही. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसणं, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, लघवी करून येणं, हात हृदयाच्या पातळीला ठेवणं, एकापेक्षा जास्त दिवस मोजणं. इतकं पाळलं तरी बऱ्याच चुका टळतात. अजून एक चूक फौजी माणसाच्या बाबतीत हमखास होते. कुस्ती, जोर, वजन यांनी दंड जाड झालेला असतो आणि आपण बांधतो तो नेहमीचा पट्टा. पट्टा अपुरा पडला की आकडा खोटा वाढतो. उलट प्रकारही आहे : दवाखान्यात १३०, आणि गस्तीच्या रात्री, भांडणाच्या दिवशी, जागरणानंतर १५५. निरोगी माणसाचा दाब झोपेत दहा ते वीस टक्के उतरतो. ज्याची झोप दोन-दोन तासांच्या पहाऱ्यांत तुटलेली आहे, त्याला ही विश्रांती नीट मिळत नाही. दवाखान्यात १४०/९०ची रेघ आणि घरी मोजताना १३५/८५ची रेघ, हा फरक ध्यानात ठेवून चोवीस तासांचं किंवा घरचं मोजमाप वापरायला शिका.

सेवेत असताना सैनिकाच्या मागे एक मोठी यंत्रणा उभी असते. पलटणीत डॉक्टर (आरएमओ), नर्सिंग असिस्टंट, तपासणीची खोली (एमआय रूम). त्यावर मिलिटरी हॉस्पिटल. आणि या सगळ्यांना डॉक्टर पुरवणाऱ्या संस्थांत पुण्याचं आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज, १९४८ साली उभं राहिलेलं. दरवर्षी तपासणी आणि त्यावर श्रेणी. 'शेप' (SHAPE) या इंग्रजी शब्दातली पाच अक्षरं म्हणजे मन, कान, हातपाय, शरीराची एकूण क्षमता आणि डोळे. प्रत्येकाला एक ते पाच अंक. रक्तदाब शरीराच्या क्षमतेत मोजला जातो. 'शेप वन' म्हणजे कुठेही पाठवता येईल असा जवान. अंक घसरला की 'लो मेडिकल कॅटेगरी', आणि मग बढती, कोर्स, परदेशातली शांतिसेना, सगळ्यावर त्याची सावली पडते.

कुठे पाठवता येईल, हा प्रश्न वरवरचा नाही. लडाखच्या अकरा हजार फुटांवर हवेत प्राणवायू विरळ होतो, शरीर धास्तावतं आणि दाब चढतो. १९६२च्या युद्धानंतर उंचीवरच्या आजारांचा अभ्यास भारतीय लष्करी डॉक्टरांनी पायाशुद्ध केला. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांचा १,९२५ सैनिकांवरचा १९६९चा लेख आजही वाचला जातो. पुढे हिमालयातच झालेल्या एका चाचणीत टेल्मिसार्टन ३,४०० मीटरवर दाब उतरवतं, पण ५,४०० मीटरवर ते निष्प्रभ होतं, असं दिसलं. औषध निवडताना नेमणूक कुठे आहे हे विचारावं लागतं, आणि हे साध्या ओपीडीत शिकवलं जात नाही. राजस्थानच्या वाळवंटात जाणाऱ्याला लघवी वाढवणारी गोळी दिली तर उन्हात पाणी आणि क्षार दोन्ही जातात. बीटा ब्लॉकर घेतलेल्या जवानाची नाडी पळताना पुरेशी चढत नाही. धावण्याच्या चाचणीत तो मागे पडतो आणि गोळी सोडून देतो. ॲम्लोडिपिनने घोट्याला सूज आली की बूट आवळतो. जवान तेही कोणाला सांगत नाही, गोळी तेवढी बंद करतो.

आणि गुडघे. फौजेतून आलेल्या माणसाला तुम्ही आठवणीने विचारा : गुडघ्यासाठी काय घेता? ब्रुफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, दाब वाढवतात आणि मूत्रपिंडाला घात करतात. आमच्या मेजरच्या खिशात अशी पट्टी निघाली. गावातल्या दुकानातून तो तीन वर्षं घेत होता.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, दार लोटून घेऊन. शेवटच्या काही वर्षांत वार्षिक तपासणीत त्याचा दाब वाढलेला दिसू लागला होता. बढती तोंडावर होती. मग तपासणीच्या आधी आठ दिवस तो एका मित्राच्या गोळ्या घ्यायचा, मीठ सोडायचा, आणि आकडा बसवायचा. कॅरीबॅगमधून त्याने डिस्चार्ज बुक काढलं, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं (ईसीएचएस) लॅमिनेट केलेलं कार्ड काढलं, आणि निवृत्तीच्या वेळचा वैद्यकीय कागद दाखवला. तिथे सगळं बरोबर लिहिलं होतं : १३४/८४, शेप वन. अशाच ओळीने त्याला बढती दिली होती. सेवेत दाब वाढला होता, असं आता तो म्हणू लागला तर तीच ओळ त्याच्या विरोधात उभी राहील. धरमवीर सिंग खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि पुढे प्रकृतीच्या कारणावरून सेवेतून काढलं गेलं, तर बिघाड सेवेमुळे झाला असं गृहीत धरावं. तसं नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर. २०२३मध्ये अपंगत्व निवृत्तिवेतनाचे नवे नियम आले आणि रक्तदाबासारख्या आजारांचं नोकरीशी नातं काय, यावर पुन्हा वाद पेटला. त्या वादात मी इथे निवाडा देत नाही. पण एवढं मला पक्कं वाटतं : जिथे आजार कळवणं म्हणजे स्वतःचं नुकसान करून घेणं, तिथे माणूस आजार लपवणारच. याला जवानाचा अडाणीपणा म्हणणाऱ्याने या क्षेत्रात येऊ नये.

आता तो माणूस घरी येतो. सतरा वर्षं रोज कोणीतरी त्याची हजेरी घेत होतं. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ती थांबते. धाराशिव जिल्ह्यात छावणी नाही. लष्करी रुग्णालयं म्हणजे अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, पुणे. जाण्या-येण्यात दिवस मोडतो. १ एप्रिल २००३ला माजी सैनिकांसाठी ईसीएचएस योजना सुरू झाली, ती मोलाची आहे. पण महिन्याला एका गोळीसाठी पॉलिक्लिनिकचा फेरा मारायचा, रोजंदारीचा किंवा सिक्युरिटीच्या ड्यूटीचा दिवस घालवायचा, तर पहिले तीन महिने माणूस जातो आणि चौथ्या महिन्यात 'आता बरं वाटतंय' म्हणून घरी बसतो.

आमच्या जिल्ह्याची एक वेगळी अडचणही आहे. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, जिथे पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे आणि आजोबा-बाप-नातू एकाच वर्दीत वाढले. तिथे पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला कार्ड, रेफरल, पेन्शन सगळं तोंडपाठ असतं. आपण मात्र सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. भारतीय सैन्य इथे आलं तेच १३ सप्टेंबरला सोलापूरच्या बाजूने नळदुर्गात. त्या दिवशीच्या लढाईत धारातीर्थी पडलेल्या बचित्तर सिंगांना पुढे अशोकचक्र मिळालं. पिढ्यान्‌पिढ्यांची सलग लष्करी परंपरा साताऱ्यासारखी इथे रुजली नाही. आता भूम-परंड्यापासून उमरग्यापर्यंत पोरं भरतीला पळतात, तुळजापुरात सैनिकी विद्यालय आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे; पण परतलेला सैनिक बहुतेक गावांत एकटा-दुकटा असतो. त्याला विचारायला शेजारी दुसरा मेजर नाही.

साताऱ्याचं नाव आलं तर आणखी एक सांगायला हवं. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम नोव्हेंबर २०१७मध्ये सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत सातारा होता. सोबत सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा. त्या उपक्रमाचं मर्म साधं आहे. सगळ्यांसाठी एकच ठरलेली पायरी-पायरीची औषधयोजना, गोळ्यांचा साठा कधीही न तुटणं, नर्स आणि आरोग्यसेविकेने पाठपुरावा करणं, गोळी घराजवळ मिळणं, आणि प्रत्येक रुग्णाचं कार्ड : कोण आला, कोण आला नाही. सैन्य ज्याला हजेरी म्हणतं, तेच हे. आपल्या उपकेंद्रात आज समुदाय आरोग्य अधिकारी आहे, आशाताई आहे, तिच्याकडे तिशीच्या पुढच्या प्रत्येकाच्या तपासणीचा फॉर्म आहे. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या साध्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून उभं करून दाखवलं. तीस सप्टेंबर १९९३च्या भूकंपात लोहारा-उमरगा हादरला, त्यानंतर सास्तूरसारख्या ठिकाणी ग्रामीण रुग्णालयाने काय करता येतं ते दाखवलं. नीती आयोगाने २०१८मध्ये आकांक्षित ठरवलेल्या या जिल्ह्यात माणसं आणि अनुभव दोन्ही आहेत. फॉर्मवर 'माजी सैनिक' असा एक रकाना मात्र लागेल, आणि निवृत्तीच्या वैद्यकीय कागदाची एक प्रत गावच्या उपकेंद्रात पोचावी लागेल. मेजरचं कार्ड ईसीएचएसचं असो. त्याची महिन्याची मोजणी आणि गोळी गावात व्हायला काय हरकत आहे?

घाई यासाठी की पुढचे परतणारे वेगळे आहेत. २०२२च्या अग्निपथ योजनेतली पहिली तुकडी चार वर्षं पुरी करून २०२६च्या अखेरीपासून बाहेर पडू लागेल. कायम होणारे पंचवीस टक्क्यांपर्यंत. बाकीची पोरं पंचविशीच्या आसपास गावाकडे. त्यांना पेन्शन नाही आणि ईसीएचएसही नाही. लेव्हींनी ज्या 'कधीतरी वाढलेल्या' आकड्याची नोंद घेतली, तो आकडा या पोरांच्या कागदात असला तर तो वाचणारं पुढे कोण असणार? तिशीच्या पुढचा तपासणीचा फॉर्म त्यांना अजून पाच-सात वर्षं लागू व्हायचा असतो.

स्वयंपाकघराविषयी थोडंच सांगतो, कारण तिथे सल्ला देणाऱ्यांची कमी नाही. आपली ज्वारीची भाकरी उत्तम. ती बिनमिठाची असते. मीठ येतं ते ठेच्यातून, लोणच्यातून, शेंगदाण्याच्या चटणीतून, पापड-कुरडयांतून, आणि वरून ताटात कडेला वाढलेल्या चिमटीतून. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून चहाच्या एका सपाट चमच्याहून किंचित कमी, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. मेजरच्या घरी त्याच्या बायकोने ताटातली चिमूट बंद केली आणि ठेच्यात मिठाऐवजी लिंबू वाढवलं. "यांना जेवण बेचव लागलं तर मलाच बोलतील," असं म्हणत होत्या ताई, पण केलं. तंबाखू मात्र अजून सुटलेली नाही. थंडीच्या पहाऱ्यात जागं राहायला लागलेली सवय, ती सोडवायला एका भेटीत कुणाला यश येत नाही. कँटीनच्या दारूच्या बाटलीचंही मोजमाप विचारावं, न ओशाळता.

देशात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत २४ टक्के आणि स्त्रियांत २१ टक्के लोकांचा दाब वाढलेला किंवा गोळीवर असलेला आढळला, असं २०१९-२१ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. म्हणजे मेजरच्या बायकोचंही मोजायचं. आम्ही मोजलं, १४८/९२. इतकी वर्षं एकटीने शेत, सासू आणि दोन मुलं सांभाळली, तिच्या दंडाला पट्टा बांधायची ही पहिलीच वेळ होती. सैनिकी आरोग्याच्या पुस्तकात सैनिकाच्या घरच्या माणसांचं प्रकरण शेवटी, पुरवणीसारखं येतं. माझ्या मते ते पहिल्या भागात यायला हवं.

मेजर आता ॲम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन अशा दोन गोळ्यांवर आहे. गुडघ्याची पट्टी बंद केली, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू केले. चौथ्या महिन्यात आकडा १३२/८४. त्या दिवशी तो एकटा आला नव्हता. मैदानावरची अकरा पोरं मागे उभी होती, घामाने निथळलेली, शूज हातात. "यांचंही बघा, डॉक्टरसाहेब. भरतीच्या आधी कळलेलं बरं." पहिला पोरगा खुर्चीवर बसून बाही वर करायला लागला, दंड चांगला पैलवानी होता. मी मोठा पट्टा शोधायला पेटी उघडली. तेवढ्यात मेजरने पोराच्या खांद्यावर हात ठेवला. "आत्ता नाय. आधी पाच मिनिटं गप बस. पाय खाली टेकव."